बाहेर पडायचं बटन

"हे बटन जरा मोठं कर गं," मामा म्हणाले.

राजेश्वरीनं बटन मोठं केलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, मान मागं घेतली, पुन्हा पुढं आणली आणि म्हणाले, "आता लई मोठं झालं. शेजारच्याला लागाय लागलं."

मामा म्हणजे तिचे सासरे, उत्तरेश्वर. भूमच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं खव्याचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं की घर. पहाटे भट्ट्या पेटायच्या त्या आसपासच्या वाड्यांवर. तिथल्या बायका दुपार व्हायच्या आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले खव्याचे गोळे घेऊन यायच्या. काट्यावर वजन व्हायचं, मामा चिमूटभर खवा बोटांत चोळून प्रत सांगायचे, आणि मग राजेश्वरीचा नवरा योगीराज तो सगळा माल पिकअपमध्ये भरून सोलापूरला न्यायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कॉम्प्युटर आला तो राजेश्वरीच्या हौसेनं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिला धाराशिवच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. संगणकाच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवायचं काम, राहायचंही तिथंच. सोमवारी हजर व्हायचं होतं; नाही झालं तर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला बोलावणं जाणार होतं. लग्नाआधीपासून ती या नोकरीसाठी अर्ज करत होती. आणि सासऱ्यांनी तिला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. उलट ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, तेही घरच्या खव्याचे.

"जा की! म्या कवा न्हाय म्हणलोय? फक्त ह्ये कॉम्प्युटरचं माझ्या हातात बसू दे. तू गेल्यावर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?"

नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. रुसता येतं, माहेरी जाता येतं, चार माणसं बसवता येतात. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं? राजेश्वरीनं होकार पदरात घेतला आणि कामाला लागली. वजनाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर तिनंच बनवलं होतं, त्यामुळे ते मामांच्या हाताला बसेल असं करणं तिच्याच हातात होतं. किमान तेव्हा तरी तिला तसं वाटलं.

पहिल्यांदा तिनं इंग्रजी काढून सगळं मराठी केलं. मग अक्षरं मोठी केली. वरची मेनूची पट्टी मामांना भिववायची, ती लपवली. बाजूची यादी लपवली. कॉम्प्युटर सुरू केला की दुसरं काही न दिसता थेट खव्याचाच पडदा उघडेल अशी सोय केली. नोंद झाली की घंटी वाजावी असं मामांना वाटलं. तिनं घंटी बसवली. कोपऱ्यात तुळजाभवानीचा फोटो पाहिजे होता, तोही आला. प्रतीला 'अ', 'ब', 'क' लिहिलेलं त्यांना पसंत पडेना. खव्याला काय शाळेत घालायचंय का, म्हणाले. मग 'दाणेदार', 'चिकट' आणि 'करपट' अशी तीन रंगांची तीन बटनं झाली.

बाहेर पडायचं बटन मात्र त्यांनी काढायला लावलं.

"ते 'बाहेर' लिहिलेलं कशाला ठिवलंस? चुकून बोट लागतं आन् सगळं गायब होतं. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं बघ. काढून टाक."

तिनं ते काढलं. कोपऱ्यातली फुलीसुद्धा काढली. आता एकदा कॉम्प्युटर चालू केला की भिंतीवरचं बटन दाबून वीज बंद करेपर्यंत त्या पडद्यातून सुटका नव्हती.

खरी चूक झाली ती नावांची. यादीत बायकांची नावं अक्षरांच्या क्रमानं होती. मामा म्हणाले, "ही कोण मल्लम्मा? आणि ही श्रीदेवी कोण? मला अशी नावं कुठं ठावी हायत? त्या चिंचेखालच्या आन् विहिरीवाल्या." भूमला येणाऱ्या रस्त्यावर जी वाडी आधी लागते तिच्या बायका आधी, आणि त्यांची नावं मामांच्या तोंडात असतील तशी, असं पाहिजे होतं त्यांना. राजेश्वरीनं तेही केलं. यादीत 'चिंचेखालची', 'विहिरीवाली', 'बोळातली थोरली', 'बोळातली धाकटी' अशा बायका रांगेनं उभ्या राहिल्या. काम इतकं सुबक झालं की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. मग आपल्या जागी कुणीतरी असावं म्हणून तिनं कॉम्प्युटर क्लासमधली सोनाली नावाची चुणचुणीत मुलगी आणून बसवली. पोरगी दुपारपर्यंत टिकली. समोर उभी असलेली बाई चिंचेखालची की विहिरीवाली हे तिला कोण सांगणार? बायकांना स्वतःलाच माहीत नव्हतं की मामा त्यांना काय म्हणतात. बोळातल्या थोरलीला जेव्हा कळलं तेव्हा तिनं जे तोंड सोडलं, ते ऐकून सोनाली चपला हातात घेऊनच निघाली.

तेव्हा राजेश्वरीच्या लक्षात आलं की ते सॉफ्टवेअर आता जगात दोनच माणसं चालवू शकतात. एक मामा आणि दुसरी ती. आणि मामांना तर येत नव्हतं.

रोज ती शिकवायची. मामा खुर्चीत ताठ बसायचे, एक बोट पुढं करून अक्षर शोधायचे आणि भलतंच दाबून तिच्याकडं बघायचे. "हात थरथरतोय गं. हे रंग जरा बदलून बघ." ती रंग बदलायची. "ही चौकट खाली घे." ती खाली घ्यायची. नवऱ्याला सांगावं तर तो वडलांचीच बाजू घेत म्हणायचा, "अण्णा म्हणतील तसं कर, संपेल एकदाचं." आपलेच दात, आपलेच ओठ. मन खायला उठायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. ज्या बाईला घरातल्या एका म्हाताऱ्याला चार बटनं शिकवता येत नाहीत, ती कॉलेजात मुलांना काय शिकवणार? हा विचार तिनं कुणाला सांगितला नाही. पण पोळ्या लाटताना तो यायचा, आणि मग पोळी हमखास फाटायची.

गुरुवारी योगीराजनं घोळ घातला. त्याला सोलापूरचा माल बघायचा होता. कॉम्प्युटर सुरू करताना त्याचं कोपर कळफलकावर टेकलं, नेमकं शिफ्टच्या कळीवर. ती दाबलेली असताना फाईल उघडली की खव्याचा पडदा येतच नाही. आतला सगळा संसार उघडा पडतो. राजेश्वरीनं स्वतःच्या कामासाठी ठेवलेलं ते मागचं दार होतं. रोजचे बदल ती तिथूनच आत शिरून करायची. योगीराज नको तिथं शिरला, आणि बाहेर यायच्या खटपटीत त्यानं धुरपताबाईचं अख्खं नावच पुसलं. धुरपताबाई म्हणजे रस्त्यावरच्या पहिल्याच वाडीची, सगळ्यात जुनी, म्हणून मामांच्या यादीतही खऱ्या नावानं असलेली, आणि सगळ्यात फटकळ.

"ते मागलं दार बंद कर," मामा म्हणाले. "पक्कं. कुणालाच जाता येऊ नये. एवढं केलंस की झालं. शेवटचं."

शेवटचं! तो शब्द ऐकून तिच्या अंगात बळ आलं. धुरपताबाईला यादीत परत आणून बसवलं आणि लगेच शिफ्टची कळ निकामी करून टाकली. तिला आधी स्वतःसाठी एक गुपित वाट ठेवायची होती, कुठंतरी लपवलेलं छोटं बटन. पण आतून आत्याबाई, म्हणजे सासूबाई द्वारकाबाई, हाक मारत होत्या, दूध उतू चाललं होतं, आणि मनात 'शेवटचं, शेवटचं' एवढंच वाजत होतं. ती फाईल बंद करून चुलीकडं धावली.

शुक्रवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मामा म्हणाले, "समदं बरोबर हाय. फक्त ते 'करपट' 'दाणेदार'च्या लई जवळ हाय. माझं बोट घसरतं. चांगल्या बाईचा खवा करपट लागला तर पाप लागंल मला. तेवढं लांब घे."

राजेश्वरी खुर्चीत बसली. शिफ्ट दाबून फाईल उघडली. खव्याचा पडदा आला. वीज बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तोच पडदा, तोच भवानीचा फोटो, तीच तीन रंगांची बटनं. मेनू नव्हता, तिनंच लपवला होता. यादी नव्हती. फुली नव्हती. बाहेर पडायचं बटन नव्हतं. जिथं जिथं हात घालावा तिथं तिनंच कधीतरी नीट, निगुतीनं वाट बुजवलेली होती. जुनी प्रत ठेवलेला पेनड्राइव्ह तिनं शोधला, तर तो पिकअपमध्ये सापडला. योगीराजनं तो पुसून त्यात गाणी भरली होती.

आपण घराला बाहेरून कडी लावली आणि आतच राहिलो असं काहीतरी झालं होतं.

"मामा, आता काही बदलता येणार नाही. कुलूप लागलं. मलासुद्धा आत जाता येत नाही."

मामांनी चहाचा घोट घेतला. त्यांचा चेहरा काळजीचा झाला. पण राजेश्वरी तीन वर्षं त्या घरात होती, आणि काळजीच्या आधी एक क्षण तिथं काय येऊन गेलं ते तिनं पाहिलं. ते हायसं वाटणं होतं.

"अगं बया! मंग आता कसं गं? असं अर्धवट टाकून तर तुला जाता यायचं न्हाय. म्हईनाभर त्यास्नी कळवून बघ की. एवढं मोठं कॉलेज, थांबतील की."

"नाही थांबत मामा. दुसरीला बोलावतात."

"मंग त्येच्यात काय? तुझ्या नशिबात असंल तर दुसरी नोकरी लागंल."

ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसून रडली, आवाज न करता, कारण त्या घरात रडण्याएवढीसुद्धा वेगळी जागा नव्हती. द्वारकाबाई वाटाणे सोलत होत्या. बऱ्याच वेळानं वर न बघताच म्हणाल्या, "झोपलेल्याला उठवता येतं सूनबाई. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

"म्हणजे काय आत्या?"

"काय न्हाय. वाटाणे किडकं हायत."

शनिवारी बायका आल्या तेव्हा राजेश्वरी बाहेर गेली नाही. डाव वगैरे काही नव्हता तिच्या डोक्यात. तिला नुसतं उठवेना. मधल्या दाराच्या पायरीवर ती बसून राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं. पिकअप दारात उभी होती, आणि उन्हात थांबलेला खवा आंबायला वेळ लागत नाही.

"राजे!" मामांनी हाक मारली. "ये गं, बायका खोळंबल्यात!"

ती बसून राहिली.

"राजेश्वरी! आगं, माल जाईल की वाया!"

"अण्णा, किती येळ?" धुरपताबाईचा आवाज आला. "माझ्या गोळ्याला पाणी सुटाय लागलं. तुमच्या ह्या डबड्यापरीस तुमचं त्वांड बरं व्हतं, निदान लगीच बोलायचं तरी."

योगीराजनं गाडीचा हॉर्न दाबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

आणि घंटी वाजली.

थोड्या वेळानं पुन्हा वाजली. मग पुन्हा. आता मध्ये वेळ जात नव्हता. काट्यावर गोळा पडल्याचा आवाज, 'दाणेदार' असा मामांचा शब्द, आणि लगेच घंटी. राजेश्वरी उठून दाराच्या फटीतून बघू लागली. मामा चष्मा नाकावर नीट बसवून दोन्ही हातांनी काम करत होते. उजव्या हाताखाली आकडे होते, डाव्या हातानं ते टॅबची कळ दाबून एका चौकटीतून दुसरीत जात होते. टॅबची कळ तिनं त्यांना कधीच शिकवली नव्हती. ते त्यांनी तिच्या हातांकडं बघून उचललं होतं. 'दाणेदार'च्या शेजारच्या 'करपट'वर त्यांचं बोट एकदाही घसरलं नाही.

धुरपताबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "अण्णा," ती म्हणाली, "तुमास्नी तर येतंय की!"

मामांची बोटं थांबली. त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि मधल्या दारात सून उभी होती.

बायका निघून गेल्या, पिकअप गेली. दुकानात दोघंच राहिले. ती मोठ्यांदा बोलली नाही. तिला तसं बोलायची सवयच नव्हती.

"कधीपासून येतंय मामा?"

"कवाच येतंय," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि रोज मी ते बटन मोठं करत होते, लहान करत होते."

मामा काट्यावरचं ओलं फडकं घडी घालू लागले.

"मला वाटत होतं, मलाच शिकवता येत नाही," ती म्हणाली. "मी रोज झोपताना म्हणायचे, जाऊच नये आपण. पोरं हसतील. घरातल्या माणसाला शिकवता आलं नाही, ती काय मास्तरीण होणार? तुम्ही मला अडवलं असतं तर चाललं असतं मामा. हे नव्हतं करायचं."

मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"रणधीर पुण्याला गेला तवा म्या असंच म्हणलो व्हतो, जा की. म्या कवा न्हाय म्हणलोय." थोरल्या मुलाचं नाव ते फारसं काढत नसत. "गेला. आता सणाला येतो, आन् आला की चार्जर कुठं लावू म्हून इचारतो. तू गेलीस की योगी जाईल. आज न्हाय तर वर्साला. जाणारच की, बायकोमागं जायचं न्हाय तर काय खव्यामागं? मंग ह्या घरात म्या आन् तुझी सासू, आन् ही घंटी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "न्हाय म्हणाय त्वांड न्हाय पोरी मला. मंग बटनच मोठं करून घेत बसलो."

राजेश्वरीला राग होता, तो तसाच राहिला. दया आली म्हणून राग जातो असं काही नाही. ती आत जाऊन पाणी प्यायली.

रविवारी सकाळी ती कॉम्प्युटरपाशी बसली ती स्वतःसाठी. अर्धवट कामाला आपलं नाव लागू नये एवढंच तिच्या मनात होतं. शुक्रवारपासून ती त्याच बंद दारावर आतून धडका देत होती. आज तिनं ते दार सोडूनच दिलं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर खव्याचा पडदा उघडायच्या आतच शेजारी दुसरी कोरी फाईल तयार केली आणि तिच्यातून जुनीला हात घातला. पडदे, बटनं, चिंचेखालची, विहिरीवाली, घंटी, भवानीचा फोटो, सगळं मुकाट्यानं नव्या फाईलमध्ये येऊन बसलं. कुलूप आतल्या माणसासाठी होतं. बाहेरच्याला ते लागतच नव्हतं. तिला हसू आलं आणि स्वतःच्या अकलेची कीवही.

मामा मागं येऊन उभे होते. किती वेळ होते कोण जाणे.

"उघडलं?"

"उघडलं."

"मंग एक बदल कर."

तिनं मागं पाहिलं नाही. "कोणता?"

"ते बाहेर पडायचं बटन व्हतं न्हवं, ते परत घाल."

कळफलकावरची तिची बोटं तशीच राहिली. मग तिनं बटन घेतलं, त्यावर 'बाहेर' असं लिहिलं आणि विचारलं, "केवढं करू?"

मामा पडद्याजवळ वाकले. इतके दिवस प्रत्येक बटन मोठं करून मागणारा तो माणूस.

"लहानच कर," ते म्हणाले. "दिसतंय मला."

तिनं खुर्ची रिकामी केली. मामा बसले, चष्मा नीट केला आणि त्या बटनावर नेम धरून बराच वेळ थांबले. मग दाबलं. खव्याचा पडदा गेला, तीन रंग गेले, भवानीचा फोटो गेला. मागं कॉम्प्युटरचा साधा निळा पडदा होता, जो त्या दुकानात कितीतरी दिवसांत कुणी पाहिला नव्हता. मामा त्या रिकाम्या निळ्याकडं बघत राहिले.

"बॅग भरलीस का गं?" त्यांनी विचारलं.